पॉविसमधले दहा दिवस

एकवीस वर्षं मी ओमानमधल्या इब्रीत लोकांचे फॉर्म भरतोय. सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागच्या गल्लीत, हलव्याच्या दुकानाला लागून माझं टायपिंग सेंटर आहे. रेसिडेंट कार्ड, लायसन, व्हिसा, जो जे घेऊन येईल ते करून द्यायचं. मूळचा मी म्हसळ्याचा, सिराज हुर्जुक. गावात मला कुत्रं विचारत नाही, पण इथे सिराजने भरलेला फॉर्म परत येत नाही असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं. अजून म्हणतात की नाही ठाऊक नाही. म्हणत असले तर त्यांनी ते बंद करावं.

माझा एक नियम होता. फॉर्मवर रडायचं नाही. हा नियम मी धनंजयच्या वेळी शिकलो. धनंजय ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. त्याच्या भावाचं लंडनला ऑपरेशन होतं, म्हणून त्याने सगळं खरंखरं लिहायला लावलं, आजार, डॉक्टर, भाऊ एकटा आहे, सगळं. नामंजूर. कारण काय, तर तू तिथे भावाची सेवा करत राहशील, परत येशील याची आम्हाला खात्री नाही. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. फॉर्म वाचणाऱ्याला तुमच्या दुःखाशी काय देणंघेणं? दुःख म्हटलं की त्याला वाटतं हा चिकटणार. त्यापेक्षा लिहा, फिरायला जातोय, दहा दिवस मजा करतो आणि परत येतो. यल्ला, खलास. आणि हे चालत होतं हो. अकरा-बारा जण मी असेच पाठवले.

एकनाथ माझ्यापासून तीन दुकानं सोडून एसी दुरुस्त करतो. कणकवलीकडचा माणूस, इथे सव्वीस वर्षं झाली. बोलतो कमी, आणि बोलला की मालवणीतच बोलतो, समोर ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, असला तरी दोन शब्द मालवणी घुसतातच. त्याची बायको मंगला सात वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगी, प्रियांका. ती इथल्याच इंडियन शाळेत शिकली, माझ्या सेंटरमध्ये बसून गृहपाठ करायची, मला सिराजचाचा म्हणायची. मराठी तिची अडखळत चालायची, पण बापाशी हट्टाने मराठीच बोलायची. मंगळूरला नर्सिंग केलं आणि तीन वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या वेल्सला गेली. वेल्समध्ये पॉविस नावाचा एक जिल्हा आहे, तिथे वाय नदीच्या काठी छोटंसं गाव, त्या गावात म्हाताऱ्यांचं एक घर, त्यात नोकरी.

तिथून ती फोटो पाठवायची आणि एकनाथ हातातलं काम टाकून गल्लीभर दाखवत सुटायचा. हिरवे डोंगर, मेंढ्या, परत डोंगर, परत मेंढ्या. मी म्हणायचो, अरे बाबा, हिला तिथे माणसं भेटतात की नाही? एकदा तिने डोंगरावरच्या दगडांच्या जुन्या ढिगाऱ्याचा फोटो पाठवला, हजारो वर्षांपूर्वीचं थडगं. खाली लिहिलं होतं, पपा, सेम आपल्या बातसारखं. इब्रीजवळ बात गावात तसल्याच दगडी कबरी आहेत, शाळेची ट्रिप तिथेच जायची. एकनाथने तो फोटो प्रिंट करून दुकानात लावला. अजून आहे.

मग फेब्रुवारीत कळलं की प्रियांकाला रक्ताचा कॅन्सर आहे.

तिने आधी महिनाभर लपवलं होतं. एकनाथ माझ्याकडे आला तेव्हा दुपारची वेळ होती, मी शटर अर्धं ओढून जेवायला बसलो होतो. तो खाली वाकून आत आला आणि उभाच राहिला. मी ताट सरकवलं तर नको म्हणाला. मोबाइलवर हॉस्पिटलचं पत्र होतं, तिच्या डॉक्टरांनी लिहिलेलं. पेशंटची प्रकृती गंभीर आहे, उपचार कडक आहेत, जवळचं माणूस सोबत असणं आवश्यक आहे, वडिलांना लवकर येऊ द्यावं. मी ते प्रिंट केलं, दोनदा वाचलं, आणि टेबलाच्या खणात टाकलं.

एकनाथ म्हणाला, "आणि ह्या पत्र? ह्या जोडूक नको?"

मी म्हणालो, "एकनाथ, तुला मुलीकडे जायचंय ना? मग ते पत्र विसर."

त्याने मान डोलावली. मला काय ते समजतं, असा त्याचा विश्वास. त्याच्यासमोर मी धनंजयची गोष्ट परत सांगितली, वर मीठमसाला लावून सांगितली. एवढंच नाही, म्हटलं, मुलगी तिथे आहे हे लपवता येणार नाही, तो रकाना खरा भरावाच लागतो, पण बाकी कुठे तिचं नाव काढायचं नाही. जितकी मुलगी कमी दिसेल तितका तुझा व्हिसा जवळ. तू टुरिस्ट. तुला डोंगर बघायची हौस आहे. एकनाथ, ज्याने सव्वीस वर्षांत मस्कतचा समुद्र धड बघितला नाही, तो हो म्हणाला.

मग मी दोन दिवस पॉविस वाचला. माझं काम असंच, अर्धवट मला जमत नाही. जिल्ह्याचा मोठा नकाशा प्रिंट करून भिंतीवर चिकटवला आणि दहा दिवसांचा असा प्लॅन केला की तिथल्या सरकारने मला नोकरी द्यावी. पहिला दिवस पोहोचण्याचा. दुसऱ्या दिवशी ब्रेकनचे डोंगर, त्यातलं सगळ्यात उंच शिखर. तिसऱ्या दिवशी ईलानचं खोरं, तिथे शंभर वर्षांवरची दगडी धरणं आहेत, त्यांच्यासाठी दरीतली घरंदारं बुडवली आणि पाणी नेलं लांब बर्मिंगहॅम शहराला. चौथ्या दिवशी ऱ्हायडर, तिथे एका शेतावर रोज दुपारी घारींना मांस टाकतात, शेकडो तांबड्या घारी उतरतात. एके काळी साऱ्या देशात मूठभर उरल्या होत्या, त्या याच डोंगरांत. पाचव्या दिवशी ‘हे’ नावाचं गाव, जिथे दुकानं म्हणजे नुसती जुन्या पुस्तकांची.

सहावा दिवस किल्ल्याचा. पॉविसचा किल्ला, तांबड्या दगडाचा, पुढे पायऱ्यापायऱ्यांची बाग. आत आपल्याकडून नेलेल्या वस्तू मांडून ठेवल्यात, त्यात टिपू सुलतानाचा तंबू आहे. हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. एकनाथला म्हटलं, बघ, आपला तंबू यांनी उचलून नेला तेव्हा यांना कोणी फॉर्म भरायला लावला होता? एकनाथ हसला. त्या सगळ्या दिवसांत तो तेवढाच एकदा हसला.

सातव्या दिवशी वेल्शपूलची छोटी आगगाडी, कोळशावर चालणारी. आठव्या दिवशी ऑफा राजाचा बांध, बाराशे वर्षांपूर्वी मातीचा उभारलेला, वेल्सवाल्यांना पलीकडे ठेवायला. नवव्या दिवशी मखन्थलेथ, तिथे ओवेन ग्लिनदूर नावाच्या वेल्सच्या राजाने सहाशे वर्षांपूर्वी आपली पार्लमेंट भरवली होती. दहाव्या दिवशी परत मस्कत. ती शेवटची ओळ मी ठळक केली. म्हटलं, एकनाथ, बाकी सगळं एकीकडे आणि ही ओळ एकीकडे. तू परत येतोस, हे त्यांना दिसलं पाहिजे.

तो नकाशाजवळ गेला. बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"ह्या नकाशात माझा चेडू खंय असा?"

आता आली पंचाईत. त्या जिल्ह्यात मोठं हॉस्पिटलच नाही. तिला बाहेर एका शहरात नेलं होतं, तिच्या गावापासून दीड तासावर. ते शहर माझ्या नकाशात येतच नव्हतं, कागद त्याच्या आधी संपत होता. मी मोबाइलवर बघून अंदाजाने दाखवलं, इकडे, साधारण इथे. एकनाथने कानामागची पेन्सिल काढली आणि कागदाच्या बाहेर, भिंतीवर, चुन्यावर एक ठिपका काढला. मी चिडलो. म्हटलं, भिंत नुकती रंगवलीय, अर्बाब बोंबलेल. मला तेव्हा भिंतीचंच पडलं होतं.

पुढे आठवडाभर मी त्याची तयारी करून घेतली. न जाणो, कोणी विचारलं तर? तो छतावर एसीचा कॉम्प्रेसर उघडून बसलेला असायचा आणि मी खालून ओरडायचो, दिवस चौथा? तो वरून म्हणायचा, ऱ्हायडर, घारी. दिवस आठवा? ऑफा राजाचा बांध. नाव चुकलं की मी परत म्हणायला लावायचो. हलवेवाला सालेम आम्हाला वेड्यात काढायचा. एकदा एकनाथ कंटाळून म्हणाला, सिराज, तू उंटावरसून शेळयो हाकतंस. मी म्हटलं, ओमानात राहून आणखी कशावरून हाकणार? त्याचे दहाही दिवस पाठ झाले, निदान मला तसं वाटलं. व्हिसा सेंटरमध्ये त्याला कोणी एक अक्षर विचारलं नाही. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, जा म्हणाले.

उत्तर एप्रिलच्या मध्यावर आलं. लिफाफा मीच फोडला. नामंजूर.

अशी पत्रं मी शेकड्याने वाचलीत, तीच तीच छापील वाक्यं असतात. पण या पत्रात दोन ओळी वेगळ्या होत्या. अर्जदाराची एकुलती एक मुलगी याच जिल्ह्यात राहते असं त्यांनीच लिहिलं आहे. तरीही दहा दिवसांच्या कार्यक्रमात तिला एकदाही भेटण्याचा उल्लेख नाही, हे पटण्यासारखं नाही, त्यामुळे भेटीचा खरा हेतू काय याबद्दल खात्री वाटत नाही.

कोण कुठला माणूस, कुठल्या ऑफिसात बसलेला, त्याने एकनाथला बघितलं नाही, प्रियांकाला बघितलं नाही. पण त्याला एवढं कळलं की बाप तिथवर जाईल आणि मुलीला भेटणार नाही, असं होत नाही. मला ते कळलं नव्हतं. मी तिला चौथी-पाचवीत माझ्याच टेबलावर पाढे म्हणताना ऐकलंय, आणि मीच तिला दहा दिवसांतून पुसून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझा बाप मला म्हणायचा. बैल माझा असता तर काही नव्हतं.

एकनाथला काय सांगायचं म्हणून मी सरळ मराठीत करून ते वाचलं. एक शब्द गाळला नाही. त्याने ऐकलं. मला वाटलं आता हा टेबल उलटा करेल, माझी आयमाय काढेल. अल्ला शपथ, तेच बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू तरी काय करतलंस." आणि बाहेर जाऊन आपल्या दुकानाच्या पायरीवर बसला. त्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही.

दुसरा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरला. खणातलं पत्र काढलं, जोडलं. आजार लिहिला, हॉस्पिटल लिहिलं, वॉर्ड लिहिला. पहिल्या वेळी हे का सांगितलं नाही, त्याचं उत्तर लिहिताना मी थांबलो. मग लिहिलं, अर्ज भरून देणाऱ्याच्या चुकीच्या सल्ल्यामुळे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी फॉर्मवर स्वतःबद्दल काही लिहिलं. मस्कतच्या व्हिसा सेंटरची तारीख मिळेपर्यंत एप्रिल संपला. आता तीन आठवडे, असं सांगितलं. लवकर होईल का म्हणून मी रोज फोन लावायचो. पलीकडची मुलगी रोज तितक्याच गोड आवाजात सांगायची की अर्ज विचाराधीन आहे. शेवटी एक दिवस मी तिच्यावर ओरडलो. तिचा काय दोष? तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि फोन ठेवला.

प्रियांकाशी बोलायला एकनाथ माझ्याकडेच यायचा, माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मोठा आणि इंटरनेट बरं. दुपारी सूक बंद असताना, एक ते चार, तेव्हा तिथे सकाळ असायची. मी शटर ओढून घ्यायचो, तो खुर्चीत बसायचा, मी मागे स्टुलावर. मी बाहेर जातो म्हटलं तर तो नको म्हणायचा, लाइन कट झाली तर त्याला जोडता येत नसे. त्यामुळे मला सगळं बघावं लागलं. डोक्यावर टोपी आली, मग चेहरा बारीक झाला, मग नळी आली. रोज ती विचारायची, व्हिसा? रोज तो म्हणायचा, येतला. मी मागे बसून भिंतीकडे बघायचो. तिथे तो ठिपका होता.

मेच्या मध्यावर एक दुपार अशी आली की तिला उठून बसता येईना. एका नर्सने फोन तिच्यासमोर धरला होता. प्रियांका हळूहळू बोलत होती, मध्ये दम घेत.

"पपा, तीन वर्षं मी इथे. ड्युटी, ड्युटी. धरण बघितलं आणि घारी बघितल्या, बस. बाकी काहीच नाही बघितलं. तुम्ही बघणार होतात ना? सिराजचाचांनी प्लॅन केला होता. सांगा ना मला."

एकनाथने एकदा मागे माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि सुरू केलं.

मी शिकवलेलं जसंच्या तसं. माझेच शब्द, माझी पुस्तकी मराठी. दुसऱ्या दिवशी आपण ब्रेकनच्या डोंगरांत जाणार आहोत. सर्वांत उंच शिखरावर दुपारपर्यंत पोहोचता येतं, हवा स्वच्छ असेल तर फार लांबवरचं दिसतं. तिसऱ्या दिवशी ईलानचं खोरं. सहाव्या दिवशी किल्ला, आत टिपूचा तंबू, आणि तिथे तो थांबून म्हणाला, सिराज म्हणता तो परत आणूक होयो, आणि ती हसली, की हसल्यासारखं काहीतरी केलं. सातव्या दिवशी छोटी आगगाडी. एकही नाव चुकलं नाही त्याचं. मखन्थलेथ तर त्याने माझ्यापेक्षा बरं म्हटलं. मला माझ्याच कागदाची लाज वाटत होती. एवढे डोंगर आणि किल्ले मी त्याच्या तोंडात कोंबले होते, आणि आता त्याच्याजवळ मुलीला द्यायला तेवढंच होतं.

नववा दिवस संपला. प्रियांकाचे डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली. तेवढ्यात तिने न उघडताच विचारलं, "आणि दहावा?"

दहावा दिवस परत मस्कत. मी ठळक केलेली ओळ. ती त्याला शंभर वेळा म्हणायला लावली होती. ती त्याने म्हटली नाही. आठवत नाही म्हणून नव्हे, मला मागून त्याची मान नाही म्हणून हलताना दिसली.

"दहाव्या दिसा खंयच जावचा नाय," तो म्हणाला. "तुझ्या बाजूक बसान ऱ्हवचा."

 थोड्या वेळाने नर्सने फोन फिरवला, ओठांवर बोट ठेवलं, आणि पडदा काळा झाला.  चार वाजता बाहेर सालेमने शटर वाजवलं, कोणाला तरी रेसिडेंट कार्डाची झेरॉक्स हवी होती.

त्या दुपारनंतर चौथ्या दिवशी, मंगळवारी, प्रियांका गेली. तिच्या कामावरच्या पोरींनी अंत्यविधीचं सगळं केलं. त्या म्हाताऱ्यांच्या घरातले दोन म्हातारे चाकाच्या खुर्चीवरून आले होते. आम्ही ते त्याच पडद्यावर बघितलं. एकनाथ उभा होता, म्हणून मीही उभा राहिलो. तिकडे कोणीतरी वेल्शमध्ये गाणं म्हटलं. मी मनात फातिहा पढलो. ती हिंदूची पोर, पण मला दुसरं येत नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी पासपोर्ट आला. मी लिफाफा घेऊन त्याच्या दुकानात गेलो. तो जमिनीवर बसून एका जुन्या एसीचा पंखा पुसत होता. तू उघड, म्हणाला. मी उघडला. मंजूर. सहा महिन्यांचा व्हिसा, स्वच्छ छापलेला, त्यावर त्याचा तो घाबरलेला फोटो.

मला बोलायचं होतं. महिनाभर मनात जुळवून ठेवलं होतं, चूक माझी, पत्र मी खणात टाकलं, मला माफ कर. त्यातलं निम्मं मी म्हटलं असेन. त्याने हात वर करून मला थांबवलं. फडक्याने बोटं पुसली, पासपोर्ट घेतला, त्या पानावरून अंगठा फिरवला.

"ह्या खेपेक कारण काय लिवलंस?"

"मुलीच्या आजारपणासाठी."

त्याने पासपोर्ट मिटला.

"म्हणजे आता ह्यो फॉर्म खोटो," एकनाथ म्हणाला. "तुझो पयलोच खरो झालो, सिराज. आता थंय माका बघूक डोंगरच रवले."